निवृत्तीराव हावबहाद्दर यांच्या पहिल्या नकाराची बखर

श्री शारंगधर समर्थ. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, भाद्रपद मास, मुक्काम मेहकर, येथून पंचायत समितीचे सेवानिवृत्त कारकून गोपाळ यांनी चिरंजीव सौमित्र, हल्ली मुक्काम अमेरिका, यांसी लिहिले ऐसे जे. तुम्ही फोनावरून आज्ञा केली की, इकडे आमच्या सुभ्यात एक काँग्रेसमन आहे, काँग्रेसमन म्हणजे इकडील थोरल्या दरबारात निवडून गेलेला सभासद, आणि तो मॉडरेट आहे, म्हणजे डाव्यांस वाटते तो उजवा आणि उजव्यांस वाटते तो डावा, आणि दोहोंकडून बोलणी खातो आणि तरी दर खेपेस निवडून येतो, आणि त्याच्या कारकिर्दीवर व धोरणांवर वर्तमानपत्रांत लांबलचक मजकूर छापून येतो, तर बाबा, आपल्या मुलखात ऐसा कोणी पुरुष आहे काय? हा सवाल ऐकून आम्हांस हसू आले आणि मग थोडा रागही आला. तुमचा जन्म मेहकरचा, तुम्ही आमचे बोट धरून पंचायत समितीच्या कचेरीत येत होता, आणि तुम्हांस निवृत्तीराव आठवू नयेत? सबब चष्मा पुसून, पंखा बंद करून, कारण कागद उडतात, जे आम्ही पाहिले, जे ऐकिले, आणि जे कोणी सांगितले नाही परंतु तसेच घडले असले पाहिजे, ते सर्व लिहून काढिले आहे. स्वस्थ चित्ते श्रवण करावे.

मेहकरापासून पाच कोसांवर सावळदरा नामे मुलूख आहे. त्याची गावे दोन, एक बुद्रुक आणि एक खुर्द. बुद्रुक म्हणजे मूळ फारसी बुजुर्ग, म्हणजे वडील, आणि खुर्द म्हणजे धाकटे. मेहकरची सडक म्हसोबाच्या फाट्यापर्यंत एक येते आणि तेथे तिचे दोन हात होतात. डाव्या हाताने बुद्रुक अवघे अर्धा किलोमीटर, रस्ता डांबरी, वर काळीपिवळी जीप दिवसभर हिंडत असते. उजव्या हाताने खुर्द दोन किलोमीटर, मध्ये नाला, नाल्यावर फरशी, आणि फरशीवर आषाढापासून दिवाळीपर्यंत शेवाळ. चार चाकांस त्या शेवाळाची दिक्कत नाही, दुचाकीस आणि पायांस फार. दोन्ही गावांत सोयरीक आहे, एकमेकांच्या लग्नांत जेवणावळी उठतात, आणि जेवून हात धुतल्यावर पुन्हा वैर सुरू होते.

या दोन्ही गावांचे मिळून पंचायत समितीत जे एक सदस्य, तेच आमचे चरित्रनायक राजमान्य राजश्री निवृत्तीराव, राहणार बुद्रुक, वय वर्षे अठ्ठावन, मोटारसायकल एक, शत्रू एकही नाही. त्यांचे थोरले बंधू कारभारीदादा, बुद्रुकाचे माजी सरपंच, आवाज ऐसा की त्यांनी घरात हाक मारली तर फाट्यावरची जीप थांबत असे. वडील लवकर वारले, तेव्हा कारभारीदादांनी सातवीत शाळा सोडून औत धरिले आणि धाकट्यास मॅट्रिकपर्यंत शिकविले. तेव्हापासून दादा बोलले की निवृत्तीराव 'हाव' म्हणत. हाव म्हणजे आपल्या वऱ्हाडात होय. हे तुम्हांस सांगणे नको, परंतु आमची सूनबाई पुण्याची, म्हणून लिहिले. पुढे सवय ऐसी जडली की दादांपुरती राहिली नाही, आणि जो समोर येईल आणि जे बोलेल त्यास निवृत्तीराव मान डोलावून 'हाव' म्हणू लागले, आणि बोलणाऱ्यास वाटे की हा गडी आपला. या दोन अक्षरी मंत्रावर त्यांनी ग्रामपंचायतीच्या तीन आणि पंचायत समितीच्या दोन ऐशा पाच मोहिमा फत्ते केल्या आणि बावीस वर्षे तख्त राखिले, आणि लोक त्यांस हावबहाद्दर म्हणू लागले.

आता त्यांची धोरणे, ज्यांविषयी तुम्ही विशेष पुसले. शाळेच्या भिंतीस एका तटाने निळा रंग मागितला आणि दुसऱ्याने गुलाबी, तेव्हा निवृत्तीरावांनी खालून अर्धी निळी आणि वरून अर्धी गुलाबी ऐसी तजवीज केली, आणि ती भिंत पाहून नवीन आलेल्या मास्तरांस दोन दिवस ताप आला. गणेशोत्सवात तरुणांस डीजे पाहिजे आणि वडीलधाऱ्यांस भजन, तेव्हा हुकूम निघाला की डीजे लावावा परंतु त्यावर भजन वाजवावे, आणि त्या भजनाने सात घरांची कौले उतरली. रस्ता रुंद करावयाचा तर कोणाच्या ओट्यास धक्का लागू नये, म्हणून तो जेथे ओटा आला तेथे वळविला, आणि आज त्या अर्ध्या किलोमीटरात अकरा वळणे आहेत. दारूबंदीविषयी त्यांचे मत ऐसे की दारू वाईट परंतु पिणारा आपलाच माणूस. निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या मोटारसायकलीच्या डाव्या आरशास एक झेंडा आणि उजव्या आरशास दुसरा, सबब मागून कोण येते ते त्यांस कधी दिसले नाही. हसू नये. बावीस वर्षांत त्या दोन गावांत एकही डोके फुटले नाही, ही गोष्ट लहान नव्हे, आणि आम्ही कचेरीत बसून ज्यांची ज्यांची डोकी फुटली त्यांचे अर्ज नोंदविले आहेत.

मध्ये एक संकट गुदरले. गार्गीबाईसाहेब नामे तरुण अधिकारी पुण्याहून मेहकरास गटविकासाच्या सुभेदारीवर रुजू जाहल्या, हुशार, कर्तव्यदक्ष, परंतु वऱ्हाडी भाषेशी ओळख नाही. त्यांनी पहिल्याच बैठकीत पाहिले की पाणी म्हटले की हा गृहस्थ हाव म्हणतो, रस्ता म्हटले की हाव, चौकशी म्हटले तरी हाव. पुण्याकडे हाव म्हणजे लोभ. बाई चकित होऊन आम्हांस पुसत्या जाहल्या की, "या सदस्यांना इतकी हाव कसली आहे हो? आणि ती ते उघड बोलून दाखवतात?" आणि आम्ही खुलासा करण्यापूर्वीच त्यांनी शेरा मारिला की सदस्य महोदयांस प्रत्येक विषयात हाव दिसून येते. तो शेरा बुलढाण्यास पोचला आणि तेथून चौकशीस साहेब आले, त्यांनी चष्मा लावून कागदावरचा प्रश्न वाचिला की, आपणांस हाव आहे काय? निवृत्तीराव हात जोडून म्हणाले, "हाव." साहेब खामगावकडचे, म्हणजे वऱ्हाडीच, होते म्हणून अब्रू वाचली, ते इतके हसले की त्यांस पाणी द्यावे लागले, आणि प्रकरण तेथेच मिटले. बाईंनी मग आमच्याकडून भाषा शिकून घेतली आणि त्या दिवसापासून निवृत्तीरावांशी त्या फार जपून बोलत.

ऐसे सर्व सुरळीत चालले असता सन मजकुरी श्रावणमासी मोठा प्रसंग उभा राहिला. मेहकरच्या आगाराने सावळदऱ्यास सकाळ-संध्याकाळ एक बस मंजूर केली, शाळा-कॉलेजाच्या मुलींकरिता. बस एक, वेळ मोजकी, फाट्यावरून एकाच हाताने जाईल आणि एकाच गावात मुक्काम करून वळेल. ही खबर येताच बुद्रुकात ग्रामसभा भरली आणि कारभारीदादा गरजले जे, "वडील गाव आपलं हाय. बस बुद्रुकातच आली पाह्यजे. काऊन रे निवृत्ती?" निवृत्तीराव म्हणाले, "हाव." ठराव लिहिला गेला की सदस्य महोदयांनी अनुमोदन दिले, आणि त्यांनी सही केली. दुसरे दिवशी खुर्दात ग्रामसभा भरली. तेथील सरपंच तानुबाई, विधवा, करारी, दोन एकरांवर घर चालविणारी, आणि पदरी एक नात पुष्पांजली, बारावी सायन्सला मेहकरास जाणारी. तानुबाई बोलल्या जे, "निवृत्तीभाऊ, आमच्या बारा पोट्ट्या शेवाळातून जाऊन राह्यल्या. बस खुर्दातच पाह्यजे." निवृत्तीराव कळवळून म्हणाले, "हाव, हाव." येथे तर दोनदा म्हणाले. हाही ठराव लिहिला गेला आणि त्यांनी सही केली, आणि पेढा खाऊन घरी गेले.

आगाराचे सरदार देवानंदसाहेब शांत आणि कागदाचे पक्के. त्यांच्या मेजावर एकाच आठवड्यात दोन खलिते आले, एक म्हणे बस बुद्रुकास, एक म्हणे खुर्दास, आणि खाली एकच सही, दोन्हींवर सारखीच वळणदार. त्यांनी दोन्ही कागद उजेडाला धरून पाहिले आणि उत्तर धाडिले की, श्रावण वद्य प्रतिपदा, शुक्रवार, अस्तमानापर्यंत दोन्ही गावांच्या संयुक्त सभेचा एकच ठराव यावा, न आल्यास ही फेरी तिसऱ्याच गावास देण्यात येईल, कळावे. हे पत्र पोचताच दोन्ही गावांत हाहाकार जाहला आणि प्रत्येक गाव म्हणू लागले की निवृत्तीभाऊ तर आपल्याच बाजूचे.

निवृत्तीरावांनी मग आपले जुने शस्त्र काढिले. त्यांनी तह सुचविला की बस बुद्रुकासही नको आणि खुर्दासही नको, म्हसोबाच्या फाट्यावरच थांबावी आणि तेथूनच वळावी, म्हणजे मध्ये, म्हणजे कोणाचे जास्त नाही आणि कोणाचे कमी नाही. स्वतः त्यांस हा तोडगा ऐसा आवडला की ते तो सांगण्यास नागपंचमीनंतर तीन दिवसांनी सकाळीच खुर्दास निघाले. परंतु मोटारसायकल घसरेल म्हणून ती फाट्यावर ठेविली आणि खुर्दाचाच एक ट्रॅक्टर पलीकडे जात होता त्यावर बसून गेले. तानुबाईंनी तह ऐकून घेतला, चहा दिला, आणि एवढेच म्हणाल्या की, परवा नात फरशीवरून घसरली, कोपर फुटले, पुस्तके वाहून जाता जाता राहिली. "भाऊ, जीव मोठा का बारावी मोठी? राखीपर्यंत सोय नाही झाली तं मी तिले घरी बसवीन. मले रातची झोप नाही." मग पुष्पांजली दप्तर पाठीस लावून, कोपरास पट्टी बांधिलेली, म्हणाली की, काका, आता मी निघाले, फाट्यापर्यंत माझ्यासंगे चला. निवृत्तीराव अर्थातच हाव म्हणाले.

येणेप्रमाणे हावबहाद्दरांची स्वारी बावीस वर्षांत प्रथमच तो मार्ग पायी चालली. पुष्पांजली पुढे, स्वारी मागे. काळ्या मातीचा चिखल चपलांस ऐसा चिकटला की प्रत्येक पाऊल शेरभर वजनाने उठे. नाल्याशी आले तो फरशीवर नडगीभर पाणी आणि खाली हिरवे शेवाळ. मुलीने चपला हातात घेतल्या आणि सराईतपणे तिरपी तिरपी पार गेली. निवृत्तीरावांनी श्रीशारंगधराचे स्मरण करून पाऊल टाकिले, दुसरे टाकिले, आणि तिसऱ्यास ऐसे आडवे जाहले की टोपी एकीकडे आणि धोतर पाण्यावर. टोपी मुलीने धरिली. परंतु डाव्या पायाची चप्पल प्रवाहास लागली आणि बुद्रुकाच्या शिवाराच्या दिशेने निघून गेली. डावी गेली, उजवी राहिली. सबंध कारकिर्दीत निवृत्तीरावांची एकच बाजू उरण्याचा तो पहिला प्रसंग. एकट्या उजवीचा उपयोग काय, म्हणून ती हातात धरून ते अनवाणी चालू लागले आणि मनात पावले मोजू लागले. खुर्दापासून फाटा, पावले दोन हजार सहाशे.

फाट्यावर आले तो बुद्रुकाची घरे समोर दिसत होती. कोणाच्या तरी अंगणात कोंबडा आरवला तो येथे स्वच्छ ऐकू आला. पुष्पांजली थांबून बोलली जे, "काका, मध म्हंजे दोन्हीकून सारखं अंतर असते ना? मंग फाटा मधात कसा? तुमचं गाव इथून दिसते. आमचं दिसतही नाही."

निवृत्तीराव म्हणाले, "हाव."

"मंग राखीनंतर मी कॉलेजात जाऊ का घरी बसू?"

निवृत्तीरावांच्या तोंडून सवयीने निघून गेले, "हाव."

मुलगी रडली नाही, रागावलीही नाही. तिने पुतणीने पुसावे तसे सरळ पुसले की, "हाव म्हंजे कोनतं, काका?" तेवढ्यात जीप आली आणि ती मागे लटकून गेली. निवृत्तीराव हातात एक चप्पल घेऊन म्हसोबापाशी उभे राहिले. बावीस वर्षे त्यांनी तो शब्द सोन्याच्या नाण्यासारखा वाटला होता आणि कोणी परत आणून विचारिले नव्हते की हे खरे आहे काय. त्यांस त्या सकाळी फार वाईट वाटले. हे आम्हांस त्यांनी सांगितले नाही, परंतु मोटारसायकल तेथेच विसरून ते घरी चालत गेले, हे पुष्कळांनी पाहिले आहे.

घरी त्यांच्या सौभाग्यवती सिंधूताई तांदूळ निवडीत होत्या. निवृत्तीरावांनी सर्व हकीकत निवेदन केली आणि म्हणाले की बस खुर्दासच गेली पाहिजे हे मला पटले आहे, परंतु दादा भरसभेत विचारतील आणि माझ्या तोंडून हाव निघेल. सिंधूताईंनी सूप खाली ठेविले आणि तत्क्षणी मसलत ठरली की चार दिवसांत 'नाही' या शब्दाची कवायत करावी. शस्त्र म्हणून चहा मुक्रर जाहला, कारण चहा नाकारणे हे त्या पुरुषाच्या आयुष्यातले सर्वांत कठीण काम. सिंधूताई पुसत, "चहा मांडू काय?" निवृत्तीराव म्हणत, "हाव," आणि सिंधूताई तत्काळ शेगडी विझवीत. पहिल्या दिवशी ऐसे सात वेळा जाहले आणि संध्याकाळी स्वारीचे कपाळ दुखू लागले. दुसऱ्या दिवशी ओठ मिटून ते नुसते "हं" म्हणाले, ते बाद ठरले. तिसऱ्या दिवशी "ना" इथवर मजल गेली आणि पुढे दम संपला.

"अवो, मी दादा हाय असं समजा," सिंधूताई पदर खोचून, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि आवाज जाडा करून बोलल्या, "काऊन रे निवृत्ती, चहा घेतं ना?" निवृत्तीराव दचकून उठून उभे राहिले आणि हाव म्हणाले. मग दोघेही हसले. परंतु चौथ्या दिवशी दुपारी, वेलची घातलेल्या चहाचा वास घरभर दरवळत असता, त्यांनी डोळे मिटून स्पष्ट उच्चारिले, "नाही." सिंधूताईंच्या डोळ्यांत पाणी आले. तो चहा त्यांनी एकटीनेच प्यायला, कारण नियम तो नियम.

श्रावण पौर्णिमा, गुरुवार, इंग्रजी तारीख पंधरा ऑगस्ट. यंदा झेंडा आणि राखी एकाच दिवशी आली. सकाळी झेंडावंदन होऊन दोन्ही गावे म्हसोबाच्या फाट्यावर जमा जाहली, आणि राखीकरिता माहेरी आलेल्या लेकी-बहिणी मिळून जमाव दुप्पट जाहला. डाव्या हातास बुद्रुकाची फौज, आघाडीस कारभारीदादा, पांढरे धोतर, हातात काठी. उजव्या हातास खुर्दाची, आघाडीस तानुबाई आणि मागे दप्तरांसह बारा मुली. मध्ये बाभळीखाली गार्गीबाईसाहेब ग्रामसेवकांसह बसल्या. त्यांनी प्रथमच जाहीर केले की, मी आता येथील भाषा शिकले आहे, तेव्हा आज सदस्यांचे नुसते हाव लिहून घेतले जाणार नाही. प्रश्नास प्रश्नापुरते उत्तर यावे.

मग कारभारीदादा पुढे जाहले. त्यांनी भावाकडे पाहिले, आणि त्या नजरेत शंकेचा लेशही नव्हता, कारण अठ्ठावन वर्षांत ती कधी लागली नव्हती. ते बोलले, "सांग बे निवृत्ती समद्यायले. बस आपल्या बुद्रुकात आली पाह्यजे. हाय का नाही?"

निवृत्तीरावांचे ओठ गोल होऊ लागले, तो हाकाराचाच आकार होता, आणि खुर्दाच्या बाजूस एक मुलगी डोळे मिटून उभी राहिली. सिंधूताई बायकांच्या गर्दीत होत्या. त्यांनी काही बोलण्याऐवजी हाताची नुसती खूण केली, चहाचा पेला पालथा केल्यासारखी.

"नाही," निवृत्तीराव म्हणाले.

कोणास खरे वाटेना. ग्रामसेवकांनी लेखणी उचलून धरिली आणि पुन्हा विचारिले. निवृत्तीराव मग भावाकडे वळून हात जोडून बोलले: "नाही, दादा. तुमी सातवीतून शाळा सोडली, मले शिकाले भेटावं म्हनून. ते म्या कधी इसरलो नाही. आता माह्या एका हाव पायी त्या पोट्टीची शाळा सुटून राह्यली. म्या त्या फरशीवरून चालून पाह्यलं. बस खुर्दात जाऊ द्या. आपले लेकरं फाट्यापर्यंत चालतीन."

कारभारीदादा काठी वळवून बुद्रुकाकडे चालू लागले, आणि निम्मी फौज त्यांच्या मागे गेली. उरलेल्यांत हात वर करविले, खुर्दाचे सर्व आणि बुद्रुकाच्या बऱ्याच बायका मिळून ठराव पार पडला, आणि दुसरे दिवशी अस्तमानाच्या दोन घटका आधी तो देवानंदसाहेबांच्या मेजावर दाखल जाहला. त्यांनी सही उजेडाला धरून पाहिली, एकच होती, आणि शिक्का मारिला.

परंतु फत्ते जाहली ऐसे म्हणवेना. बुद्रुकाच्या पारावर निवृत्तीराव येताच पत्ते थांबत. चौकातला त्यांचा वाढदिवसाचा फ्लेक्स कोणी तरी उतरवून गोठ्यावर अंथरला. याचेही त्यांस विशेष वाटले नाही. दोघा भावांच्या घरांमध्ये एक भिंत सामाईक. रोज पहाटे दादा खोकत आणि इकडून निवृत्तीराव पुसत की दादा, औषध घेतलं का, आणि तिकडून उत्तर येई. चार दिवस त्यांनी पुसले आणि तिकडून उत्तर आले नाही. हे दुःख त्यांनी कोणास सांगितले नाही, परंतु त्या चार दिवसांत त्यांनी मागितलेला चहाही अर्धाच पिऊन ठेविला.

श्रावण वद्य चतुर्थी, सोमवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी बस खुर्दाहून निघाली. तानुबाईंनी तिच्या पुढच्या काचेस हळद-कुंकू लाविले, नारळ फोडिला, चालकास टोपी दिली, आणि निवृत्तीरावांस मानाने दारापाशी उभे केले. बारा मुली आत बसल्या, पुष्पांजली खिडकीशी. फरशीवर नडगीभर पाणी होते. बस त्यातून पाणी उडवीत सहज पार जाहली, आणि मुलींनी ऐसा जल्लोष केला की बगळे उडाले. मग फाटा आला आणि चालकाने करकचून ब्रेक दाबिला. सडकेच्या ऐन मध्यावर कारभारीदादा काठी टेकून उभे होते, आणि मागे बुद्रुकाचे तीस-चाळीस लोक.

निवृत्तीराव पायरी उतरून खाली आले आणि भावासमोर उभे राहिले. कारभारीदादांनी खाकेतून कागदात गुंडाळिलेली एक वस्तू काढिली आणि त्यांच्या पायांपाशी टाकिली. ती डाव्या पायाची चप्पल होती, चिखल धुऊन स्वच्छ केलेली. दादा बोलले, "माह्या वावराच्या बांधाले अटकली होती. आठ दिस झाले, घरी ठेवली व्हती." मग मागे वळून हाक मारिली तो गर्दीतून त्यांची नात रेवती, नववीतली, दप्तर सावरीत पुढे आली, आणि तिच्यामागे बुद्रुकाच्या आणखी सहा मुली. रेवती बसमध्ये चढली आणि पुष्पांजलीने सरकून तिला खिडकीजवळ जागा दिली.

कारभारीदादा मात्र तेथेच उभे राहिले. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, काठीने मातीत रेघ ओढिली, आणि ज्या आवाजाने जीप थांबत असे तो आवाज अगदी खाली आणून पुसले, "काऊन रे निवृत्ती... चार दिस मी बोललो नाही. मनात काही धरलं काय माह्याबद्दल?"

"नाही, दादा."

हा त्यांच्या आयुष्यातला दुसरा जाहीर नकार. पहिल्यास चार दिवसांची कवायत लागली होती; हा कोणी शिकविला नव्हता. कारभारीदादा मोठ्याने हसले, आणि त्या हसण्याने गाडीच्या काचा हादरल्या, आणि म्हणाले, "चाल, चढ बे, पोट्ट्यायले उशीर होऊन राह्यला." बस गेल्यावर त्यांनी डोळे पुसले ऐसे काही लोक म्हणतात. ते स्वतः म्हणतात की धूळ होती. श्रावणात त्या सडकेवर धूळ नसते, इतके आम्ही नमूद करितो.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे एकेचाळीस, श्रावण वद्य चतुर्थी, सोमवार रोजी, सावळदरा खुर्द हे ठाणे एसटीच्या फेरीखाली कायम जाहले. स्वार मुली एकोणीस. जखमी, एक कोपर आणि एक फ्लेक्स. गहाळ, काही नाही, चप्पलही परत मिळाली. पुष्पांजलीची बारावी चालू आहे. ठरावबुकात निवृत्तीरावांच्या नावापुढे 'नाही' हा शब्द बावीस वर्षांत प्रथमच लिहिला गेला आणि ग्रामसेवकांनी तो लाल शाईने अधोरेखित केला, जे नियमात बसत नाही, परंतु गार्गीबाईसाहेबांनी त्यावर शेरा मारिला नाही. निवृत्तीराव अद्याप मध्यममार्गीच आहेत. शाळेची भिंत अद्याप निळी-गुलाबीच आहे. घरी सिंधूताई चहा मांडू काय पुसतात तेव्हा ते हाव म्हणतात आणि त्यांस तो मिळतो.

तुमच्या तिकडील त्या काँग्रेसमनास, भेट घडल्यास, हा कागद वाचून दाखवावा. त्यांस मराठी कळत नसेल तर सगळे शिकविण्याच्या भानगडीत न पडता आमच्या वऱ्हाडीतले दोनच शब्द शिकवावे. पहिला त्यांस बहुधा येतच असेल.